बायको-पोरांना घेऊन हॉट रॉडमधून हजार मैल: ही सफर आली कुठून

अमेरिकेतल्या हॉट रॉड (वेगासाठी बदलून घेतलेली जुनी गाडी) आणि कस्टम (रूपासाठी बदलून घेतलेली गाडी) वाल्यांमध्ये एखाद्याच्या गाडीला 'ट्रेलर क्वीन' म्हटलं की त्याला ते चांगलंच लागतं. म्हणजे रंगवून चकाचक केलेली अशी गाडी जी शोपर्यंत स्वतःच्या चाकांवर कधी जातच नाही, पिकअपच्या मागे ट्रेलरवर चढते, तिथे उतरते, बक्षीस घेते आणि पुन्हा ट्रेलरवर. खरा मान कुणाला, तर ज्याच्या बंपरवर चार राज्यांतले किडे चिकटलेत, मागच्या सीटवर पोरं झोपलीयत आणि शेजारी बायको पुढचं वळण सांगतेय त्याला. हा मान काही पहिल्या दिवसापासून नव्हता, तो मिळायला चाळीस-पन्नास वर्षं लागली.

सुरुवातीला कुटुंबाचा संबंधच नव्हता, सगळा मामला वेगाचा. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्तातल्या गाडीत व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिलं, २२१ घन इंचांचं, ६५ हॉर्सपॉवरचं, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांना जणू खजिनाच सापडला. जुनी रोडस्टर, म्हणजे पक्कं छत नसलेली उघडी गाडी घ्यायची, मडगार्ड काढून टाकायचे, वजन कमी करायचं आणि मोजावे वाळवंटातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर जाऊन पळवायची. तळं म्हणजे वाळून टणक झालेला सपाट चिखल, गाड्या एकमेकींच्या शेजारी सोडल्या की पुढच्या गाडीची धूळ मागच्याच्या डोळ्यांत, आणि त्या धुळीत अपघात. त्यातूनच १९३७ मध्ये क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, निदान वेळ मोजायची आणि गाड्या सोडायची काहीतरी शिस्त आली. पुढे म्युरॉक लष्कराकडे गेलं, आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे.

युद्ध संपल्यावर परतलेल्या पोरांच्या हातात मेकॅनिकचं कसब होतं, खिशात थोडे पैसेही. १९४८ च्या जानेवारीत हॉट रॉड मासिक निघालं. पण गावोगावी रस्त्यावर रेसिंग चालायचं, वर्तमानपत्रांत हॉट रॉडवाला म्हणजे गुंड असंच चित्र, आणि मला वाटतं पुढचा सगळा इतिहास हे चित्र पुसण्याच्या धडपडीतूनच घडला. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. १९५४ पासून त्यांची चार माणसं एक स्टेशन वॅगन आणि मागे सामानाचा ट्रेलर घेऊन देशभर फिरली, गावातल्या क्लबांना आणि पोलिसांना रस्त्याऐवजी धावपट्टीवर सुरक्षित रेस कशी घ्यायची ते दाखवत. दुसरीकडे क्लबांच्या 'रिलायबिलिटी रन' चालू होत्या आणि आपल्या विषयासाठी ही गोष्ट जास्त महत्त्वाची. त्यात वेगाला बक्षीसच नाही, ठरलेल्या मार्गाने, कायद्याच्या वेगमर्यादेत, ठरलेल्या वेळेत एकेक टप्पा गाठायचा, गाडी बंद न पडता. हॉट रॉडवाल्यांनी एकत्र मिळून लांब जायचं याचं बीज मला इथेच दिसतं.

कस्टमवाल्यांची वाट थोडी वेगळी. त्यांना वेगापेक्षा रूप हवं होतं. छताचे खांब काही इंच कापून छत खाली आणायचं, पुन्हा वेल्ड करायचं, मग सांध्यावर शिसं वितळवून लाकडी फळीने ते चोपून बसवायचं आणि तासन्तास कानस घालायची, हात फिरवला तर सांधा लागायला नको. म्हणून तर या गाड्यांना 'लेड स्लेड' म्हणतात, शिशाची घसरगाडी. यातली सगळ्यात प्रसिद्ध गाडी म्हणजे बॅरिस बंधूंच्या वर्कशॉपने बॉब हिरोहाटा यांच्यासाठी बनवलेली १९५१ ची मर्क्युरी. १९५३ मध्ये हिरोहाटांनी तिच्यात कॅडिलॅकचं इंजिन बसवून घेतलं आणि कॅलिफोर्नियाहून इंडियानापोलिसच्या शोला ती स्वतः चालवत नेली, दोन हजार मैलांच्या वरचा रस्ता, तेही आंतरराज्य महामार्गांचा कायदा १९५६ मध्ये व्हायच्या आधी. एवढी खाली उतरवलेली, एवढी नाजूक रंगवलेली गाडी! त्या प्रवासाची हकीकत रॉड अँड कस्टम मासिकात छापून आली. हीच गाडी १९५९ मध्ये एका तरुण पोराने ५०० डॉलरला घेतली, पुढे अनेक दशकं ती त्याच कुटुंबाकडे राहिली आणि २०२२ च्या लिलावात १९.५ लाख डॉलरला गेली. माझ्या लेखी मात्र तिची किंमत १९५३ मध्येच ठरली होती.

साठच्या दशकात सगळंच बदललं. १९६४ मध्ये पॉन्टियॅक जीटीओ आली आणि ताकदवान गाडी थेट शोरूममधून मिळायला लागली, मग घरी खपून कोण बनवणार. ड्रॅगस्टर, म्हणजे सरळ धावपट्टीवरच्या शर्यतीच्या गाड्या, इतक्या खास झाल्या की त्या रस्त्यावर चालेचनात, ट्रेलरशिवाय हलेनात. पण जुन्या रोडस्टरवर जीव असलेली माणसं होतीच, फक्त आता ती तिशी-पस्तिशीत होती आणि घरात लेकरं होती. रॉड अँड कस्टम मासिकाने साद घातली आणि १९७० च्या ऑगस्टमध्ये इलिनॉयमधल्या पिओरिया गावात पहिलं स्ट्रीट रॉड नॅशनल्स, म्हणजे रस्त्यावर चालवायच्या हॉट रॉडचा देशभराचा मेळावा, भरलं. सुमारे सहाशे गाड्या आल्या. ना रेस, ना घड्याळ, नुसतं जमायचं, एकमेकांच्या गाड्या बघायच्या, बोलायचं. त्याच वर्षी नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशन उभी राहिली. त्यांनी सुरू केलेली २३ मुद्द्यांची सुरक्षा तपासणी मला फार बोलकी वाटते, कारण ब्रेक, स्टिअरिंग, वायपर असं सगळं बारकाईने बघायची गरज वाटते कधी, तर शेजारच्या सीटवर आपलं माणूस बसलेलं असतं तेव्हा.

त्यांचा तेव्हाचा नियम असा की गाडी १९४९ च्या आधीची हवी. मग ४९ ची मर्क्युरी, पन्नासच्या दशकातल्या शेव्ही (शेव्हरोले) घेऊन फिरणाऱ्यांनी कुठे जायचं? त्यांच्यासाठी १९८० मध्ये कस्टम केम्प्स ऑफ अमेरिका आली. कॅलिफोर्नियात गॅरी मेडोर्स यांनी पत्नी मॅरिलिन यांच्यासोबत १९८३ मध्ये गुडगाइज सुरू केली आणि पुढे त्यांचा मुलगाही त्यात आला, म्हणजे मेळावे भरवणारी संस्थाच कुटुंबाची.

आता एक गोष्ट जी इतिहास सांगणारे बरेचदा दोन ओळींत उरकतात, पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिनेच पाडला: एसी. कापलेल्या छताची गाडी म्हणजे खिडक्या अरुंद, वारा कमी, पायाशी इंजिनची धग, आणि अशात भर जुलैमध्ये टेक्ससमधून लहान मूल घेऊन जायचं तर पन्नास मैलांतच सगळ्यांचा धीर सुटतो. १९७६ मध्ये सॅन अँटोनियोत जॅक चिझनहॉल यांनी व्हिंटेज एअर सुरू केली आणि जुन्या गाडीच्या डॅशखाली मावेल असा आटोपशीर एसी बनवायला लागले. त्याच सुमारास १९७४ ते ७८ च्या फोर्ड मस्टँग टू गाडीचा पुढचा भाग भंगारातून काढून जुन्या फोर्डला लावायची पद्धत रुळली, त्यामुळे रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आलं, डिस्क ब्रेक आले, दिवसभर चालवून खांदे भरून यायचे ते थांबलं. शेव्हीचं स्मॉल ब्लॉक इंजिन तर होतंच, १९५५ पासूनचं, ज्याचे पार्ट्स कुठल्याही गावात मिळतात. काही जुनी मंडळी याला भ्रष्टपणा म्हणतात, मला ते मुळीच पटत नाही. एसी आणि ऑटोमॅटिक गिअर आले म्हणून घरची माणसं गाडीत बसली, आणि घरची माणसं बसली म्हणून हा छंद टिकला.

मग १९९५. हॉट रॉड मासिकाने पहिली पॉवर टूर काढली, लॉस एंजेलिस ते ओहायोतलं नॉरवॉक. गाडी कुठल्याही सालची चालेल, फक्त चालवत यायचं. तेव्हापासून मार्ग बदलत राहिलाय, पण साधारण आठवडाभर रोज नवं गाव आणि एकूण हजार मैल किंवा त्याहून जास्त हा साचा तोच. सगळे टप्पे पूर्ण करणाऱ्याला 'लाँग हॉलर' म्हणतात आणि ते बिरुद कुठल्याही ट्रॉफीइतकंच मिरवलं जातं. वाटेत कुणाचा बॉनेट उघडा दिसला की मागचे दोघे-तिघे आपोआप बाजूला थांबतात, कुणाकडे बेल्ट असतो, कुणाकडे होजचा क्लिप, आणि एखादी पोर टॉर्च धरून उभी असते, बाबा सांगतील तिकडे उजेड पाडत.