शाहरुखचा केबीसी वेगळा, ‘पाँचवी पास’ वेगळा

जुन्या टीव्ही कार्यक्रमांच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘शाहरुखचा तो केबीसी, ज्यात शाळेतली मुलं बसायची.’ असा केबीसी कधी झालाच नाही. शाहरुख खानने स्टार प्लसवर लागोपाठच्या दोन वर्षांत दोन वेगळे खेळ केले, ‘कौन बनेगा करोडपती’ म्हणजे केबीसी आणि ‘क्या आप पाँचवीं पास से तेज हैं?’, आणि लोकांनी आठवणीत दोन्हींची मोट बांधली. त्यातून पुढे ‘केबीसी पोरकट करून टाकला होता’ असा ठपकाही येतो. तो तर साफ चुकीचा आहे.

केबीसी सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. पहिली दोन पर्वं अमिताभ बच्चन यांची. तिसरं शाहरुखचं, २२ जानेवारी २००७ पासून. बक्षीस दोन कोटी. ‘लॉक’च्या जागी ‘फ्रीज’ आलं, बोलण्यात मोकळेपणा आला, पण खेळाचा सांगाडा तोच: चार पर्याय, चढत्या रकमा, लाइफलाइन. २०१० मध्ये कार्यक्रम सोनीवर गेला आणि बच्चन परतले.

‘क्या आप पाँचवीं पास से तेज हैं?’ हा एप्रिल २००८ चा. फॉक्स वाहिनीवर २००७ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी खेळाची ही हिंदी आवृत्ती. प्रश्न शाळेच्या अभ्यासातले, आणि मोठ्या स्पर्धकासोबत मंचावर शाळकरी मुलं असायची. बक्षीस पाच कोटी. त्याच महिन्यात आयपीएलचा पहिला हंगाम सुरू झाला होता आणि संध्याकाळी घरोघरी क्रिकेट लागलेलं असायचं. काही महिन्यांतच कार्यक्रम आटोपला. शेवटच्या भागात लालूप्रसाद यादव आले होते, ते मात्र अनेकांना आठवतं. (त्याच उन्हाळ्यात सोनीवर सलमान खानचा ‘दस का दम’ आला. त्यात टक्केवारीचा अंदाज बांधायचा असे. तो तिसराच खेळ, त्याला इथे ओढू नका.)

वाहिनी आणि सूत्रधार तेच, रकमेचा फरक किरकोळ. खरी गल्लत होते ती मुलांच्या कामाबद्दल. कुणी म्हणतं, स्पर्धक मुलांशी स्पर्धा करायचा. नाही, मुलं प्रतिस्पर्धी नव्हती. त्याहून जास्त लोक म्हणतात, मुलं म्हणजे लाइफलाइन, ‘फोन अ फ्रेंड’ची शाळकरी आवृत्ती. मला सर्वांत खटकतं ते हे.

लाइफलाइन तुम्हाला माहिती देते आणि निर्णय तुमच्या हातात ठेवते. मित्र सांगतो, प्रेक्षक कौल देतात, दोन पर्याय उडतात. उत्तर शेवटी तुम्हीच देता, आणि तेही उत्तर देण्याआधीच्या मदतीवर. पाँचवी पासच्या साच्यात सोबतचं मूल काही सांगतच नाही. ते आपलं उत्तर गुपचूप लिहून मोकळं होतं. त्या लिहिलेल्या उत्तराचं काय करायचं, याचे तीन मार्ग.

समजा प्रश्न आहे: बटाटा हा वनस्पतीचा कोणता भाग? पहिला मार्ग डोकावण्याचा. मुलाची पाटी बघायची, पटलं तर घ्यायचं, नाहीतर आपलंच उत्तर द्यायचं. एवढा एकच मार्ग लाइफलाइनशी मिळताजुळता आहे. दुसरा नक्कल करण्याचा. इथे पाटी न बघताच ‘मुलाचं उत्तर तेच माझं’ असं जाहीर करायचं. मुलाने ‘मूळ’ लिहिलं असेल तर तुमचा खेळ संपला, मग तुम्हाला मनातून ‘खोड’ माहीत असो वा नसो. तिसरा बचावाचा, आणि तो तुम्ही मागायचाही नसतो. तुम्ही चुकून ‘मूळ’ म्हणालात आणि मुलाने ‘खोड’ लिहिलं असेल, तर तुम्ही एकदा वाचता. चूक झाल्यानंतरची ही माफी शाहरुखच्या केबीसीत कुठेच नव्हती. तिथे चुकीचं उत्तर फ्रीज झालं की विषय संपायचा.

म्हणजे केबीसीत माणूस स्वतःच्या ज्ञानाला टेकू शोधतो आणि इथे दहा-अकरा वर्षांच्या मुलावर किती विसंबायचं ते ठरवतो. मला या तिन्हींत नक्कलच सगळ्यात आवडते. पाटी उलटेपर्यंत मोठ्या माणसाचा चेहरा बघावा! तसला ताण केबीसीच्या कुठल्याही लाइफलाइनमध्ये मला दिसलेला नाही.

प्रश्न सोपे होते, म्हणून खेळ पोरकट, हेही पटत नाही. प्रश्न पहिली ते पाचवीच्या अभ्यासातले खरे, पण समोर चार पर्याय मांडलेले नसायचे. पर्याय दिसले की विसरलेलं आठवतं. कोऱ्या मनाने ‘खोड’ म्हणायला ते आठवणीत असावंच लागतं. हरल्यावर ‘मैं पाँचवीं पास से तेज नहीं हूँ’ असं कबूल करावं लागे. ते मला कधी आवडलं नाही, शाळेत शिकलेलं विसरणं हा काही गुन्हा नव्हे.

आणखी एक फरक, ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. केबीसीत प्रश्न वाचून, विचार करून, मग खेळ सोडता येतो, अगदी शेवटच्या प्रश्नालाही. पाँचवी पासच्या मूळ अमेरिकी खेळात अखेरच्या प्रश्नाआधी फक्त विषय सांगतात. सोडायचं तर तेव्हाच. प्रश्न उघडला की परतीची वाट बंद, आणि तिथे मुलांच्या पाट्याही उपयोगाच्या नाहीत.