मिठाच्या पाण्यानं हवा कोरडी करायची, तर वीज किती लागेल?

नवतप्यात पारा 45 अंशांवर गेला तरी नागपूरकर वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरवर निभावून नेतात. हवा कोरडी असते, पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना हवेतली उष्णता ओढून घेतं. जूनमध्ये पाऊस आला की पारा उतरतो, पण हवेत बाष्प इतकं वाढतं की तोच कूलर नुसती चिपचिप वाढवतो.

म्हणजे खरी अडचण दमटपणाची आहे. एसी ती सोडवतो, पण त्यासाठी त्याला हवा दवबिंदूखाली, म्हणजे बाष्पाचं पाणी होऊ लागेल इतकी, थंड करावी लागते. दुसरी वाट क्षारांची. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसंच लिथियम क्लोराइडचं दाट द्रावण हवेतलं बाष्प शोषून घेतं. अशा कोरड्या केलेल्या हवेवर कूलर पावसाळ्यातही चालू शकतो.

शोषून शोषून द्रावण पातळ होतं. ते पुन्हा दाट करायला सहसा 60 ते 80 अंशांपर्यंत तापवतात. एक किलो पाणी उडवायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते. इलेक्ट्रोडायलिसिसमध्ये, म्हणजे विजेच्या जोरावर क्षार पातळ पडद्यांपार नेण्याच्या पद्धतीत, पाणी उडवावंच लागत नाही. क्षार पाण्यात विरघळला की त्याचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. एक पटल (पडदा) फक्त धन आयन पलीकडे जाऊ देतं, पुढचं फक्त ऋण. अशी पटलं आलटूनपालटून लावून दोन टोकांना एकदिश विद्युतदाब दिला की लिथियम एकीकडे आणि क्लोराइड दुसरीकडे सरकतं. एका कप्प्यात क्षार साठतो, शेजारच्यात कमी होतो.

ही कल्पना मला फार आवडते, पण हिशेब कठोर आहे. इथे वीज लागते ती क्षार हलवायला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात जेमतेम 35 ग्रॅम क्षार असतो. लिथियम क्लोराइडच्या 35 टक्क्यांच्या द्रावणातून मात्र एक किलो शुद्ध पाणी वेगळं करायचं, तर सुमारे 540 ग्रॅम क्षार पटलांपार न्यावा लागतो. त्यात दाट द्रावणात पटलांची निवडक्षमता घटते, आणि परासरणानं पाणी पातळ कप्प्यातून दाट कप्प्यात परत झिरपतं. केलेलं काम तिथे वाया जातं.

म्हणून सगळं पाणी एका दमात काढण्यापेक्षा टप्प्याटप्प्यानं काढणं, म्हणजे शेजारच्या कप्प्यांतल्या दाटपणात फार फरक पडू न देणं, मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कळीचा भाग पटलांचाच आहे. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था अशा पटलांवर काम करते, तेही खारं पाणी गोडं करण्यासाठी. लिथियम क्लोराइडच्या दाट द्रावणात परासरण रोखून धरणारं पटल स्वस्तात मिळालं, तर छतावरच्या सौर पॅनेलची वीज थेट या कामाला लावता येईल, कारण दोन्हीकडे प्रवाह एकदिशच असतो.