मांस खाणारा दगड

फेब्रुवारी 2025 मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीवरच्या पोलादी कमानीला ड्रोनने भोक पाडलं, तेव्हा बातम्यांत एक शब्द सारखा येत होता: सार्कोफॅगस. 1986 च्या स्फोटानंतर फुटक्या भट्टीवर घाईघाईने उभारलेल्या काँक्रीट-पोलादाच्या आवरणाचं हे नाव. कमान त्याच्यावर सरकवली ती 2016 मध्ये. सार्कोफॅगस म्हणजे दगडी शवपेटी, आणि शब्द फोडला तर ‘मांस खाणारा’. ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणजे मांस, ‘फागेइन’ म्हणजे खाणं.

मुळात हे नाव पेटीचं नव्हतं, दगडाचं होतं. आजच्या तुर्कस्तानातल्या अस्सोसच्या दगडात ठेवलेलं प्रेत 40 दिवसांत संपतं, दात तेवढे उरतात, असं रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहून गेला. पुढे दगडाचं विशेषण पेटीलाच चिकटलं. जर्मन भाषेतला शवपेटीसाठीचा रोजचा शब्द ‘झार्ग’ हा त्याचाच झिजलेला अवतार. आपल्याकडे यास्काने निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, ‘श्मशान’ची फोड ‘श्म-शयन’ अशी केली आहे. श्म म्हणजे शरीर. ते जिथे निजतं ती जागा. तिकडे खाणं, इकडे निजणं!

अस्सोसचा दगड आहे अँडेसाइट, म्हणजे ज्वालामुखीचा, आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचा भाऊबंद. तो मांस खात नाही. मग तो चुनखडीचा असेल, असं पुष्कळजण सांगतात, कारण चुना प्रेत खातो ही समजूत जगभर आहे. खरी गंमत इथेच आहे.

दिवाळीआधी घराला चुना लावायचे तेव्हा कळीचा चुना विरवताना पाहिलाय? खडा पाण्यात पडला की चर्र आवाज होतो, वाफ उसळते, खडा तडकून फुलतो आणि हाताला चटका बसेल इतकी बादली तापते. कॅल्शियम ऑक्साइड पाणी पिऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. हे दृश्य पाहणाऱ्याला वाटणारच की हा हाडंसुद्धा ठेवणार नाही.

पण प्रेत बाहेरून खाल्लं जात नाही, ते आतून कुजतं. आधी पेशींची स्वतःचीच विकरं त्यांची पटलं फोडतात, मग आतड्यातले जिवाणू मोकाट सुटतात. त्यांना हवा ओलावा, ऊब आणि फार आम्ल नाही, फार अल्कधर्मी नाही असं वातावरण. चुना नेमकं हेच काढून घेतो. पाणी शोषतो आणि सामू 12 च्या वर नेतो. त्यात बहुतेक जिवाणू तगत नाहीत. त्वचेखालच्या चरबीशी त्याचा न विरघळणारा कॅल्शियमचा साबण बनतो. कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे मृतदेहाभोवती चुनखडीचं कवच. डुकरांची प्रेतं चुन्यासह आणि चुन्याविना पुरून संशोधकांनी हे तपासलं. सहा महिन्यांनी उकरली तेव्हा चुन्यातली जास्त शाबूत निघाली.

म्हणून जुन्या गोव्याची कथा वेगळी वाचावी लागते. संत फ्रान्सिस झेवियर 1552 मध्ये चीनजवळच्या बेटावर वारले. मांस लवकर जावं आणि अस्थी नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना भरला, पण काही आठवड्यांनी उघडली तर देह जसाच्या तसा! 1554 मध्ये तो गोव्यात आला. भाविकांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. मात्र ‘चुना घालूनही देह टिकला, म्हणून चमत्कार’ हा युक्तिवाद चुन्याला ओळखत नाही. ‘चुना घातला म्हणून टिकला’ असं म्हणायला जागा आहे.

चेर्नोबिलच्या सार्कोफॅगसमध्येही हाच चुना आहे. सिमेंट घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि त्या अल्कधर्मी वेढ्यात लोखंडी सळ्या गंजत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपून त्याची चुनखडी करत जातो. तो थर सळीपर्यंत पोचला, की तिथे गंज चढू लागतो.