थायरॉईड: वारसा आणि निमित्त

इंग्लंडमधल्या बाथ शहरात केलेब पॅरी नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या टिपणांत २१ वर्षांच्या एका मुलीची नोंद आहे. उतारावरून वेगाने खाली येताना ती चाकाच्या खुर्चीतून बाहेर फेकली गेली. मार फारसा लागला नाही, पण ती भयंकर घाबरली. तेव्हापासून तिच्या छातीत धडधड सुरू झाली आणि साधारण पंधरवड्याने गळ्याशी सूज दिसू लागली. ही टिपणं पॅरींच्या मृत्यूनंतर, १८२५ मध्ये छापली गेली. पुढे डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज (१८३५) आणि जर्मनीतले कार्ल फॉन बाझेडो (१८४०) यांनी याच आजाराचं वर्णन केलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागते, त्या या आजाराला आज ‘ग्रेव्ह्ज’ म्हणतात. धसका बसला म्हणून थायरॉईड बिघडला, ही समजूत मात्र पुढे बराच काळ टिकली. आजही ‘टेन्शनने थायरॉईड झाला’ असं आपण सहज म्हणतो.

याच्या उलट बाजूची समजूतही तितकीच पक्की आहे: आईला आहे, म्हणजे मुलीला होणारच.

या दोन्हींचा मेळ बसायला आधी आजाराचं मूळ कळायला हवं होतं. १९१२ मध्ये जपानचे तरुण सर्जन हाकारू हाशिमोतो यांनी चार स्त्रियांच्या काढलेल्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या पांढऱ्या पेशींनी खच्चून भरल्या होत्या. या पेशी तिथे का जमल्या, याचं उत्तर मिळायला आणखी ४४ वर्षं गेली.

१९५६ हे या कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं साल. शरीर स्वतःवरच हल्ला करणार नाही, असा जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांच्यापासून चालत आलेला दंडक होता. अमेरिकेत बफेलो इथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशाच्याच ग्रंथीचा अर्क, प्रतिक्रिया तीव्र करणाऱ्या द्रव्यात मिसळून, त्याला परत टोचला. सशाच्या रक्तात आपल्याच थायरॉईडविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार झाली आणि ग्रंथीची नासाडी झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिएक आणि सहकाऱ्यांना हाशिमोतो आजाराच्या (यात ग्रंथी हळूहळू मंदावते) रुग्णांच्या रक्तातच अशी प्रतिपिंडं सापडली. न्यूझीलंडमध्ये अ‍ॅडम्स आणि पर्व्ह्‌ज यांना ग्रेव्ह्‌जच्या रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला सतत चेतवणारा घटक मिळाला. आज डॉक्टर थायरॉईडविरोधी प्रतिपिंडांची ‘अँटी-टीपीओ’ तपासणी लिहून देतात, तिचा पाया इथलाच.

मग वारशाचा प्रश्न नव्याने विचारता आला. १९७० च्या दशकात प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए जनुकांशी नातं दिसलं, पुढे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या सीटीएलए-४ च्या आणि टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) ज्याला चिकटतं त्या रिसेप्टरच्या जनुकांशीही. यातलं एकही जनुक एकट्याने आजार घडवत नाही. एकेकाचा वाटा लहान असतो. सर्वांत बोलका पुरावा मला डेन्मार्कच्या जुळ्यांचा वाटतो. एकाला ग्रेव्ह्‌ज असेल, तर एकसारख्या जुळ्यांत दुसऱ्यालाही तो होण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्के आणि वेगळ्या जुळ्यांत जेमतेम ३ टक्के निघालं. वारसा जबरदस्त आहे, हे यातून स्पष्ट दिसतं. पण जनुकं अगदी तीच असूनही बहुसंख्य जुळी भावंडं त्यातून सुटली, हेही तितकंच खरं. म्हणून ‘होणारच’ हे चूक.

मग निमित्त कोणतं? धूम्रपानाचा संबंध पक्का आहे, विशेषतः ग्रेव्ह्‌जच्या डोळ्यांच्या त्रासाशी. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं अमिओडेरॉन, मानसिक आजारावरचं लिथियम आणि प्रतिकारशक्तीवर काम करणारं इंटरफेरॉन ही औषधंही कारण ठरतात. आयोडीनचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या कामाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचा फायदा निर्विवाद आहे. मात्र डेन्मार्कमध्ये २००० सालापासून मिठात आयोडीन घालणं सक्तीचं झाल्यावर, प्रमाण बेताचं ठेवूनही, थायरॉईडविरोधी प्रतिपिंडं आणि हायपोथायरॉइडिझम (थायरॉईड मंदावणं) थोडे वाढल्याचं दिसलं. म्हणून मीठ सोडू नये. पण ‘थायरॉईडसाठी चांगलं’ म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या आपल्या मनाने घेणं धोक्याचं, विशेषतः घरात आजार असेल तर.

निमित्त शोधणं किती अवघड असतं, याचं ठळक उदाहरण व्हाइट हाउसचं. बार्बरा बुश यांना १९८९ मध्ये ग्रेव्ह्‌जचं निदान झालं, पती जॉर्ज बुश यांना १९९१ मध्ये. नवराबायको, म्हणजे वारसा एक नव्हे. राहत्या घरांच्या पाण्यात आयोडीन आणि लिथियम तपासलं गेलं. हाती काही लागलं नाही.

आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित राहणारं निमित्त म्हणजे बाळंतपण. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दबते आणि प्रसूतीनंतर उसळून येते. ओसाकाच्या नोबुयुकी अमिनो आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं की सुमारे ५ टक्के बाळंतिणींचा थायरॉईड त्या काळात बिघडतो. धडधड, चिडचिड, केस गळणं, मग गळून गेल्यासारखं वाटणं. घरात मात्र ‘बाळंतपणाचा अशक्तपणा, डिंकाचे लाडू खा’ इतकंच बोललं जातं. ज्या सुनेच्या किंवा लेकीच्या माहेरी थायरॉईड आहे, तिची टीएसएच तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच आणि प्रसूतीनंतर काही महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी, असं डॉक्टरांना आवर्जून सांगा.