हृत्स्नायूचे आकुंचन आणि लिंग संप्रेरके

इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरोन आणि टेस्टोस्टेरोन या लिंग संप्रेरकांचे (सेक्स हार्मोन्सचे) प्रजननाशी असलेले नाते सर्वांना ठाऊक असते. पण हृत्स्नायूच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या, पेशींतही त्यांचे ग्राही, म्हणजे संप्रेरकाचा संदेश टिपणारी प्रथिने, असतात. आकुंचन किती जोराने व्हावे, ते किती चटकन सुटावे आणि पुढच्या ठोक्यासाठी पेशी केव्हा सज्ज व्हावी, यांवर ही संप्रेरके परिणाम करतात. इस्ट्रोजेनचे अल्फा व बीटा असे दोन प्रमुख ग्राही आहेत; बीटाचा शोध १९९६ मध्ये लागला. टेस्टोस्टेरोनचा अँड्रोजेन ग्राही स्त्री-पुरुष दोघांच्याही हृदयात आढळतो. ‘बायकांचे’ आणि ‘पुरुषांचे’ संप्रेरक ही विभागणी इथे फारशी टिकत नाही. साठी ओलांडलेल्या पुरुषाच्या रक्तात इस्ट्रॅडिओल त्याच वयाच्या स्त्रीपेक्षा बहुधा जास्तच असते, कारण पुरुषाच्या शरीरात ते टेस्टोस्टेरोनपासून बनतच राहते.

आकुंचनाची यंत्रणा : सारा व्यवहार कॅल्शियमचा आहे. विद्युत लहर पेशीच्या आवरणावरून गेली की आवरणातल्या एल-प्रकारच्या मार्गिका, म्हणजे कॅल्शियमच्या वाटा, उघडतात आणि बाहेरचे थोडे कॅल्शियम आत येते. तेवढ्या इशाऱ्यावर सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या साठ्याची दारे, म्हणजे रायनोडिन ग्राही, उघडतात व कितीतरी अधिक कॅल्शियम सुटते. ते ट्रोपोनिन या तंतूंवरच्या प्रथिनाला चिकटते, ॲक्टिन व मायोसिनचे तंतू एकमेकांवर सरकतात आणि पेशी आखडते. मग सर्का नावाचा पंप कॅल्शियम साठ्यात परत ओढतो, उरलेले सोडियमच्या बदल्यात पेशीबाहेर जाते आणि स्नायू सैलावतो. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातून कृष्णा कालव्याला पाळीने पाणी सुटते, तेव्हा शेवटच्या शेताचे भिजणे साठ्याइतकेच दार किती वेळ उघडे राहिले आणि वाटेत किती पाझरले यावर ठरते, इथेही तसेच. लिंग संप्रेरके साठा, दार, पाझर आणि पंप या चारही ठिकाणी ढवळाढवळ करतात. जनुकांमार्फत होणारे बदल घडायला तास किंवा दिवस लागतात. पेशीच्या आवरणावरून होणारा परिणाम काही मिनिटांत दिसतो.

इस्ट्रोजेनचे काम मुख्यतः लगाम घालण्याचे दिसते. मादी उंदरांच्या हृत्पेशींत प्रत्येक ठोक्याला सुटणारे कॅल्शियम नरांच्या तुलनेत कमी असते. अंडाशय काढल्यावर या पेशींत एल-मार्गिकांमधून येणारा प्रवाह वाढतो, रायनोडिन दारांतून विश्रांतीच्या वेळीही कॅल्शियम पाझरू लागते आणि ॲड्रेनॅलिन या ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकाला हृदय अधिक तीव्र प्रतिसाद देते. वरवर पाहता हृदय जोमदार झाले असे वाटेल. पण ठोक्यांच्या मधल्या काळात पाझरणारे कॅल्शियम लय बिघडवते आणि स्नायूला पुरते सैल होऊ देत नाही. इस्ट्रोजेन परत दिले की यांतले बरेच बदल मागे फिरतात.

टेस्टोस्टेरोनची दिशा उलटी. नर उंदरांचे वृषण काढले की आकुंचनाचा वेग व जोर दोन्ही मंदावतात, एल-मार्गिकांची निर्मिती घटते आणि जलद अल्फा-मायोसिनची जागा काही प्रमाणात सावकाश बीटा-मायोसिन घेते. संप्रेरक दिल्यावर स्थिती सुधारते. मात्र मायोसिनचा मुद्दा माणसाला जसाच्या तसा लावणाऱ्यांनी थोडे थांबावे. मानवी जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, मुळातच बहुतेक सगळे मायोसिन बीटा प्रकारचे असते. शिवाय उंदराचे हृदय मिनिटाला तीनशेहून अधिक ठोके देते आणि जवळजवळ सगळे कॅल्शियम सर्का पंपानेच उचलते; माणसात सोडियमच्या बदल्यात बाहेर जाणाऱ्या कॅल्शियमचा वाटा बराच मोठा आहे. या विषयावरचे पुष्कळसे ज्ञान उंदरांकडून आलेले आहे, हे वाचताना ध्यानात असू द्यावे.

प्रोजेस्टेरोनवरचे काम तुलनेने थोडे आहे. ते हृत्पेशीतील विद्युत लहरीचा कालावधी कमी करते. गर्भारपणात हृदय दर मिनिटाला ३० ते ५० टक्के अधिक रक्त फेकते खरे, पण त्यामागे रक्ताचे वाढलेले प्रमाण आणि सैलावलेल्या रक्तवाहिन्यांचा हात मोठा असतो.

माणसात दिसणारे फरक : सर्वांत जुना पुरावा ईसीजीचा. स्त्रियांच्या आलेखातील क्यूटी अंतर, म्हणजे जवनिकांना उत्तेजित होऊन पूर्ववत होण्यास लागणारा वेळ, पुरुषांपेक्षा लांब असते, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बॅझेट यांनी १९२० मध्येच नोंदवले होते. लहानपणी मुलगा आणि मुलगी यांत हा फरक नसतो. वयात येताना मुलग्यांचे अंतर टेस्टोस्टेरोनमुळे आखूड होते. म्हणूनच क्यूटी लांबवणाऱ्या काही औषधांनी हृदयाचा घातक लयबिघाड होण्याचा धोका स्त्रियांना अधिक.

टू-डी इकोतही फरक सापडतो. डाव्या जवनिकेतल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, ते ‘इएफ’. २०१५ च्या अमेरिकी व युरोपीय शिफारशींनुसार त्याची सामान्य मर्यादा पुरुषांत ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ आहे. मिरजेच्या एखाद्या दवाखान्यातून ‘इएफ ६०, नॉर्मल’ असा रिपोर्ट घेऊन बाहेर पडणाऱ्या पन्नाशीतल्या बाईला तरीही जिना चढताना धाप लागू शकते. आकुंचन ठीक, पण सैलावणे अपुरे, अशा प्रकारचे हृदयअपयश उतारवयातल्या स्त्रियांत अधिक आढळते. तिथे इएफचा आकडा पाहून निश्चिंत होणे चूक आहे. ताकोत्सुबो विकारात मोठ्या मानसिक धक्क्यानंतर डाव्या जवनिकेचे टोक तात्पुरते आकुंचन थांबवते. त्याचे सुमारे ९० टक्के रुग्ण स्त्रिया असून बहुतेकींची पाळी गेलेली असते. ॲड्रेनॅलिनवरचा इस्ट्रोजेनचा लगाम सुटणे, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

बाहेरून दिलेली संप्रेरके : १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. सातारा-सांगली पट्ट्यात तालमीला आजही मान आहे, आणि शरीर कमावण्याची हौस तालमीतून जिममध्येही आली आहे. दूध, बदाम, तुपाचा खुराक ही एक गोष्ट आणि जिममध्ये ज्याला ‘कोर्स’ म्हणतात ती टेस्टोस्टेरोनसारख्या स्टेरॉईडची इंजेक्शने ही दुसरी. टेस्टोस्टेरोनने आकुंचन जोरदार होते, मग जास्त घेतले तर हृदय आणखी दणकट होईल, हा तर्क सपशेल खोटा आहे. शरीरात नैसर्गिकपणे असते त्याच्या कितीतरी पट मात्रा सतत मिळाली की पेशी जाड होतात, त्यांच्यामध्ये तंतुमय ऊती वाढते आणि भिंत ताठर बनते. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांची तपासणी झाली. अनेक वर्षे स्टेरॉईड घेणाऱ्यांचे सरासरी इएफ ५२ टक्के, न घेणाऱ्यांचे ६३ टक्के निघाले. औषध सोडलेल्यांचा जोर काहीसा परतला होता. सैलावण्यातला दोष मात्र बऱ्याच अंशी टिकून होता. नुसत्या कसरतीनेही हृदयाची भिंत जाड होते, पण पैलवानाचे असे हृदय नीट सैलावते.

डॉक्टरांनी कमतरता तपासून दिलेल्या टेस्टोस्टेरोनची बाब निराळी. पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात वाढले नाहीत, मात्र एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा लयबिघाड) आणि फुप्फुसातील रक्तगुठळ्या अधिक आढळल्या.

इस्ट्रोजेनच्या बाबतीतही ‘हृदयाचे रक्षक’ ही सोपी समजूत चाचण्यांत टिकली नाही. हृदयविकार असलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देण्याचा अमेरिकेतला प्रयोग झटके वाढल्याने आवरावा लागला. २००२ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकेतील स्त्रियांवरच्या मोठ्या अभ्यासाची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरोनसारखे कृत्रिम संप्रेरक) चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. रक्त गोठण्याची प्रवृत्ती आणि आधीच कडक झालेल्या धमन्या यांच्यापुढे पेशीतल्या लाभाचे काही चालत नाही. पाळी गेल्यावर लवकर सुरू केलेले उपचार आणि दहा-वीस वर्षांनी सुरू केलेले, यांचे परिणाम वेगळे असू शकतात, असे आता मानले जाते.

अकाली रजोनिवृत्ती : भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये काढली आणि इस्ट्रोजेन दिले नाही, तर पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. दसरा-दिवाळीनंतर सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांच्या फडात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडच्या ऊसतोड महिलांमधील गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली होती. ‘पिशवी काढली’ एवढेच बाईला सांगता येते. अंडाशये ठेवली की तीही काढली, हे डिस्चार्ज कार्डावरच कळते. फक्त गर्भाशय काढले असले तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. चाळिशीतल्या अशा बाईची छातीत धडधड किंवा दम लागणे यांची तक्रार आली, की शस्त्रक्रियेचा कागद ईसीजीसोबत मागवणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरते.