२१४७४८३६४७

दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, म्हणजेच २^३१ − १. ही मूळ संख्या आहे, आणि २ च्या घातातून १ वजा करून ज्या मूळ संख्या मिळतात (मेर्सेन मूळ संख्या) त्यात हिचा नंबर आठवा.

मूळ असल्याचं आधी कोणी सांगितलं यावर घोळ आहे. इटलीच्या काताल्दी या गणितज्ञाने १६०३ च्या सुमारास २३, २९, ३१, ३७ हे सगळे घातांक चालतात असं ठोकून दिलं, त्यातला ३१ तेवढा बरोबर निघाला. मेर्सेनच्या १६४४ च्या यादीतही ३१ आहे पण तिथे ६७ आणि २५७ पण आहेत, जे चुकीचे, त्यामुळे या दोघांना श्रेय देणं जरा जास्तच होईल. सिद्धता ऑयलरची. साल सगळीकडे १७७२ देतात, पण ते त्याने बेर्नुलीला लिहिलेल्या पत्राचं साल, ऑक्टोबर १७५२ मध्ये गोल्डबाखला लिहिताना त्याची खात्री नव्हती, म्हणून १७५२ ते १७७२ च्या मधे कधीतरी असं म्हणणं जास्त बरं.

पद्धत बघण्यासारखी आहे. या संख्येला मूळ अवयव असलाच तर त्याला ६२ ने भागून बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागून १ किंवा ७, म्हणजे तो २४८न + १ किंवा २४८न + ६३ अशाच रूपाचा हवा (न म्हणजे ०, १, २, ३...). वर्गमूळ ४६३४० च्या जरा पुढे, त्यामुळे तपासायला पावणेचारशेच्या आत आकडे उरतात आणि त्यातलेही बरेच बघताक्षणी गळतात: ६३ आणि २४९ ला ३ ने भाग जातो, ३११ मूळ आहे पण भागून बघितलं तर बाकी ३५, मग ४९७, ५५९, ७४५ वगैरे सगळे संयुक्त, पुढचा खरा उमेदवार थेट १३०३.

१८६७ पर्यंत हीच सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या होती असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण क्लाउसेनने १८५५ मध्येच २^६४ + १ चे अवयव पाडून ६७२८०४२१३१०७२१ काढली होती, तेव्हा ते साल सोडलेलंच बरं. प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या (स्वतःला सोडून बाकीच्या भाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते ती) बनते, हिच्यापासून बनणारी २३०५८४३००८१३९९५२१२८. बार्लोने १८११ मध्ये लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही! १८७६ मध्ये ल्यूकाने २^१२७ − १ मूळ ठरवून ते खोटं पाडलं.

कॉम्प्युटरमध्ये ३२ बिटच्या चिन्हासहित पूर्णांकाची ही कमाल मर्यादा, २०३८ चा प्रॉब्लेम (१९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणाऱ्या कॉम्प्युटरचं घड्याळ २०३८ मध्ये ही मर्यादा ओलांडून बिघडतं) यातूनच येतो.

३१ स्वतः २^५ − १ असल्यामुळे ही दुहेरी मेर्सेन संख्याही आहे (जिचा घातांकही मेर्सेन संख्याच असतो ती), अशा मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत (७, १२७, ही आणि २^१२७ − १). हाच खेळ एक पायरी पुढे नेऊन हिलाच घातांक केलं तर मात्र मूळ संख्या मिळत नाही, त्या राक्षसी संख्येला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो.