इंग्लंडच्या खेड्यातलं घराणं शोधायचंय? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इंग्लंडमधलं पॅरिश रजिस्टर म्हणजे काय हे फार समजावून सांगावं लागत नाही. गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची ठेवलेली ही वही. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, ती सक्तीची केली. विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. कुणाच्या आजीचे आजोबा खडकीच्या छावणीतले गोरे शिपाई होते, तर कुणी तिकडच्या खेड्यात जुनं घर घेतलंय आणि त्यात आधी कोण राहत होतं हे त्यांना हवंय.

पात्रतेचं आधी सांगून टाकतो, कारण सगळे तिथेच अडतात. नातं सिद्ध करावं लागत नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या जन्म, विवाह किंवा मृत्यूच्या दाखल्याची प्रत कुणीही, कुणाचीही, जगातून कुठूनही मागवू शकतं. गेल्या ५० वर्षांतला जन्म असेल तर नेमकी जन्मतारीख, आईवडिलांची नावं असा जास्तीचा तपशील भरावा लागतो. दत्तकविधानाच्या नोंदींचे नियम मात्र वेगळे आहेत.

खरी अट एकच, पॅरिश माहीत हवी. "डर्बीशायरचे होते", म्हणजे नुसतं काउंटीचं (तिकडच्या जिल्ह्याचं) नाव, एवढ्यावर काही निघत नाही.

सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. तिची मध्यवर्ती कचेरी म्हणजे जनरल रजिस्टर ऑफिस. त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की जन्म-मृत्यूची सूची फुकट चाळता येते. अर्जात नाव, वर्ष, तिमाही, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान भरायचं. नोंदणी जिल्हा गावाच्या नावाचा नसतो. डर्बीशायरमधल्या ईम गावातला जन्म बेकवेल जिल्ह्यात सापडतो. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत असल्यामुळे डिसेंबरमधलं बाळ पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत निघू शकतं. आणि १८७५ च्या आधी पालकांवर सक्ती ढिली होती, तेव्हा नोंद सापडली नाही म्हणजे माणूसच नव्हता असं समजू नका.

कागदी दाखला १२.५० पौंड, पीडीएफ ८ पौंड. दर बदलत असतात, अर्ज भरताना पुन्हा पाहून घ्या. लग्नाचा दाखला फक्त कागदीच मिळतो. मी एकदा नाव आणि वर्ष जुळतंय एवढ्यावर घाईने पैसे भरले. आला तो शेजारच्या खोऱ्यातल्या त्याच नावाच्या इसमाचा दाखला. त्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलेलं आहे. ते आधी ताडून पाहिलं असतं तर पैसे वाचले असते. पत्रिकेसाठी जन्मवेळ शोधणाऱ्यांनी फार आशा धरू नये, कारण ती सहसा जुळ्यांच्याच दाखल्यावर असते. लग्नाच्या दाखल्यावर वरवधूंच्या वडिलांचं नाव आणि धंदा असे. आयांची नावं तिथे यायला ४ मे २०२१ उजाडला.

दाखले आणि रजिस्टर यांना जोडणारा दुवा म्हणजे जनगणना. १८४१ ते १९२१ पर्यंतची पाहता येते. १८५१ पासून जन्माची पॅरिशही लिहिलेली असते, आपल्याला हवं ते हेच. १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत गेले आणि १९४१ ला जनगणना झालीच नाही.

१८३७ च्या मागे जायचं तर पॅरिश रजिस्टर. शेवटच्या वापराला बराच काळ लोटलेली जुनी रजिस्टरं १९७८ च्या कायद्यानुसार धर्मप्रांतासाठी (एका बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशासाठी) ठरवलेल्या रेकॉर्ड ऑफिसात जमा होतात. डर्बीशायरसाठी ते मॅटलॉकला आहे. जायच्या आधी फॅमिलीसर्च आणि फ्रीरेज या फुकट संकेतस्थळांवर नाव टाकून बघा. वाचनकक्षासाठी फोटोचं ओळखपत्र आणि पत्त्याचा अलीकडचा पुरावा लागतो. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये (राष्ट्रीय अभिलेखागारात) मूळ कागद पाहायला रीडर तिकीट लागतं. तेही मोफत, आणि त्यालाही नावाचा एक व पत्त्याचा एक असे दोन पुरावे लागतात. भारतातून जाणाऱ्याने पासपोर्टवर विसंबू नये, पत्त्याचा कागद वेगळा न्यावा. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त शिसपेन्सिल.

१८१३ पासूनच्या बाप्तिस्मा रजिस्टरचं पान छापील रकान्यांचं आहे, एका पानावर आठ नोंदी. तारीख, बाळाचं नाव, आईवडील, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, विधी करणारा पाद्री. ईमसारख्या गावात धंद्याच्या रकान्यात शिशाच्या खाणीतला कामगार वारंवार भेटतो. बापाचं नाव कोरं आणि धंद्याच्या जागी "अविवाहित स्त्री" असं दिसलं की थांबून बघावं. अशा बाळाच्या पोषणाचा भार गावावर पडू नये म्हणून गाव बापाकडून हमीपत्र लिहून घेई. ते टिकून राहिलं असेल तर गावच्या इतर जुन्या कागदांत मिळतं, आणि रजिस्टरने गाळलेलं नाव त्यात असतं.

याहून जुन्या नोंदींत तारखांचा सापळा आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. ईममध्ये प्लेग आला सप्टेंबर १६६५ मध्ये. जॉर्ज विकर्स हा त्याचा पहिला बळी, दफन ७ सप्टेंबरचं. आता फेब्रुवारी १६६५ अशी दफनाची नोंद दिसली तर ती प्लेगच्या आधीची वाटेल, पण आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६६६, ऐन साथीतला.

१८५८ च्या आधीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. धर्मप्रांताची हद्द काउंटीशी जुळत नाही. डर्बीशायर १८८४ पर्यंत लिचफिल्ड धर्मप्रांतात होतं, म्हणून तिथली बहुतेक मृत्युपत्रं स्टॅफर्डला शोधावी लागतात. घराचा इतिहास हवा असलेल्यांनी १८३६ च्या कायद्यानंतर झालेले टाइदचे (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दशांशाचे) नकाशे आणि त्यांच्या याद्या बघाव्यात. गट क्रमांक, मालक, वहिवाटदार, क्षेत्र, पीक. सातबारा वाचणाऱ्याला ते लगेच कळतात.

खडकीच्या शिपायाचा माग उलट्या दिशेने काढायचा. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत "एन ३" या मालिकेत आहेत. लग्नाच्या नोंदीत, विशेषतः १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याच्या वडिलांचं नाव मिळू शकतं. तो ब्रिटिश लष्करातून पेन्शन घेऊन सुटला असेल तर क्यूमधल्या "डब्ल्यूओ ९७" मालिकेतल्या सेवामुक्तीच्या कागदावर त्याची जन्माची पॅरिश, जवळचं शहर आणि काउंटी ओळीने लिहिलेली असते. इथेच नोकरीत असताना वारला असेल तर हा कागद बहुधा नसतो. मग लग्नाच्या नोंदीतलं वडिलांचं नाव घेऊन जनगणनेकडे वळावं लागतं.